पट्टे वाटून कंबरदुखी थांबत नाही



मणकाविकार शिबिराची बातमी सोमवारच्या अंकात फोटोसह वाचली. हातात कमरेचा पट्टा धरलेल्या आजी, शेजारी हसणारे नेते आणि बातमीत तीन-तीनदा ‘मणक्यात गॅप’. व्यायामाबद्दल मात्र एक ओळ नाही! जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट देऊ नयेत अशा उपचारांत तिथे कमरेचा पट्टा आहे. जे देऊ नका म्हणून सांगितले, तेच आपल्याकडे हारतुरे घालून वाटतात.

आणि हा गॅप गॅप म्हणतात तो काय? पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या 80 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. पुन्हा लिहिते, काहीही दुखत नसलेल्यांपैकी 80 टक्के! केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. पण शिबिरात फिल्म उजेडाकडे धरून ‘गॅप आहे, वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही’ असे बजावले की बाई धसकाच घेते. भांगलण बंद, पाण्याची घागर बंद, खाली बसणे बंद. स्नायू दुबळे होतात, काळजीने झोप उडते, मग जरा वाकले तरी कळ येते. साधी भरलेली उसण अशी तीन महिन्यांपलीकडे जाते आणि वैद्यकशास्त्राच्या हिशेबात जुनाट दुखणे ठरते.

एरवी नव्या कंबरदुखीला पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांना चांगला उतार पडतो. पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, सोबत ताप येणे, ही लक्षणे वेगळी. तेव्हा तडक मोठे रुग्णालय गाठावे. बाकीच्यांना हवा असतो धीर, बेताबेताने कामे चालू ठेवण्याचा सल्ला आणि व्यायाम शिकवणारे माणूस. मिळते काय, तर एक सुई, गोळ्यांची पट्टी आणि ‘पंधरा दिवस पडून राहा’. पडून राहूनच तर दुखणे मुरते!

गोळ्यांचे तर विचारूच नका. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा नियम आहे, पण आमच्याकडे ‘कंबर’ एवढा शब्द उच्चारला की गोळी काउंटरवर येते. वर्षानुवर्षे खाऊन जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे खराब होतात. हेच औषध दिलेली गुरे मेल्यावर ती खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. बरेच झाले. पण गिधाडांची काळजी घेणाऱ्या सरकारला मेडिकलच्या काउंटरसमोरची म्हातारी माणसे दिसत नाहीत का?

पट्ट्यांवर, मांडवावर आणि फ्लेक्सवर झालेल्या खर्चात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे काही महिन्यांचे मानधन सहज निघाले असते. तिथे हे पद कायमस्वरूपी भरा, आशाताईंना चार सोपे व्यायाम शिकवायला लावा. आणि संपादकसाहेब, पुढच्या शिबिराची बातमी छापण्याआधी तुमच्या वार्ताहराला एवढेच विचारायला सांगा: गेल्या वर्षी पट्टा नेलेल्यांपैकी आज किती जण कामावर आहेत?

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, जि. सांगली