वत्सगुल्माचा निकष

अद्भुतरम्य आणि विज्ञानकल्पित चित्रपटांचे, तसेच संगणकीय खेळांचे चाहते हा आता एक स्वतंत्र समाजच झाला आहे. आणि कोणत्याही जिवंत समाजाप्रमाणे त्यात पंथ आहेत, पोटपंथ आहेत. पीटर जॅक्सन यांनी टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. त्यांत टॉम बॉम्बॅडिल हे पात्र गाळले म्हणून रुसलेला वाचक दोन दशकांनंतरही रुसलेलाच आहे. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ने ल्यूक स्कायवॉकर या लाडक्या वीराला निराश, एकांतवासी वृद्ध म्हणून दाखवले आणि ‘स्टार वॉर्स’च्या भक्तांत उभी फूट पडली. हे भांडण परक्याच्या अंगणात चालू होते तोवर आपल्याला त्याचे कौतुकमिश्रित हसू येत असे. २०२३ च्या जून महिन्यात ते आपल्या ओसरीवर आले.

१६ जून २०२३ रोजी ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला. रामकथा, जोडीला अद्ययावत संगणकीय तंत्र, दिग्दर्शक ओम राऊत मराठी, हनुमंताच्या भूमिकेतील देवदत्त नागे मराठी. प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन हनुमंतासाठी राखून ठेवण्याची घोषणाही झाली होती. आणि त्याच हनुमंताच्या तोंडी लंकेत नाक्यावरच्या टवाळखोराची भाषा! काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. जुलैमध्ये संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी क्षमा मागितली. पण प्रेक्षकांतला वाद क्षमेने मिटला नाही. एक पक्ष म्हणाला, रामायणात काना-मात्रेचाही फरक करण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरा म्हणाला, हा कल्पनेचा खेळ आहे, नव्या पिढीसाठी आहे. पटत नसेल तर पाहू नका.

दोन्ही पक्ष आपल्या परंपरेला अनोळखी आहेत. काना-मात्रेचा आग्रह धरणाऱ्यांनी वाल्मीकीत लक्ष्मणरेषा शोधून पाहावी; ती तेथे नाही, म्हणून कोणी तिला पाखंड म्हटलेले नाही. आणि ‘पटत नसेल तर पाहू नका’ हे उत्तर दुकानदाराचे आहे, कलावंताचे नव्हे.

या वादाचा निवाडा करणारा निकष आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट विदर्भातील वाशिमला पोहोचतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये येथे मिळालेल्या विंध्यशक्ती (द्वितीय) याच्या ताम्रपटाने या शाखेवर प्रकाश टाकला, म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचा इतिहास साक्षेपाने मांडला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तोही याच वत्सगुल्मात. साहित्याच्या जन्माची इतकी अद्भुत कथा ज्या गावात घडवली गेली, त्या गावातल्या किती मुलांना ती ठाऊक असेल, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. चौथ्या शतकात त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. विषय पारिजातहरणाचा : कृष्ण स्वर्गात जातो आणि इंद्राचा वृक्ष पृथ्वीवर आणतो. आजच्या भाषेत निखळ ‘फँटसी’. हे काव्य आज लुप्त आहे. अलंकारग्रंथांत उद्धृत झालेल्या गाथांतूनच ते उरले आहे. पण नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांसमोर ते होते. परंपरेने आलेल्या कथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल तर ते सोडून नवा प्रसंग कल्पावा, असे सांगताना त्यांनी कालिदासाच्या रचनांबरोबर नाव घेतले ते सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चे. प्रियेच्या अनुनयासाठी पारिजातहरण, अशी योजना इतिहासात नसतानाही सर्वसेनाने केली, हे पुढे अभिनवगुप्तांनी स्पष्ट केले. वाशिमच्या राजाने कृष्णकथेत बदल केला, आणि शास्त्रकारांनी तो दोष नव्हे, गुण मानला!

मात्र हेच आनंदवर्धन दुसरी बाजूही बजावतात. रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकमानसात सिद्ध झालेला आहे, तेथे त्या रसाला विरोधी अशी स्वेच्छा चालवू नये. म्हणजे ‘बदल केला की नाही’ हा प्रश्नच चुकीचा. बदलाने रस वाढला की मोडला, एवढेच विचारायचे.

या कसोटीवर ‘आदिपुरुष’ पाहा. रावणाच्या केशरचनेवर आणि पोशाखावर गदारोळ झाला, पण खरा घाव तेथे नव्हता. लंकेतील हनुमंत हा संयत, प्रगल्भ दूत आहे. त्याचे वक्तृत्व हेच त्याचे तेज. ती वाणीच उथळ केल्यावर चित्रांची कितीही झळाळी आणली तरी उरते काय? याच दिग्दर्शकाचा २०२० चा ‘तान्हाजी’ काटेकोर अभ्यासकाला खटकावा अशा जागांनी भरलेला आहे. तरीही तो घराघरांत आवडला, कारण वीररसाला त्यात कोठे धक्का लागला नाही.

२७ जून २०२४ रोजी आलेला नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ अधिक गुंतागुंतीचा आहे. कृष्णाने अश्वत्थाम्याला भावी रक्षणाचे दायित्व सोपवणे ग्रंथात नाही, या आक्षेपात तथ्य आहे. पण ज्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, त्यानेच युगान्ती एका गर्भाचे रक्षण करावे, ही कल्पना शापकथेच्या गाभ्यातूनच उमलते. सर्वसेनाला ती आवडली असती. उलट नायकाला शेवटी कर्ण ठरवून पिटलेल्या टाळ्या कथेसाठी कमी, नटासाठी अधिक होत्या. चाहत्यांनी मात्र दोन्ही गोष्टी एकाच तागडीत घातल्या.

खेळांत प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तेथे पाहणारा नसतो, खेळणारा असतो. पात्र त्याच्या बोटांवर नाचते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या खेळाने यातून विचारी वाट काढली. खेळाडूच्या हाती देव दिला नाही. भावाला शोधणारी एक साधी मुलगी दिली. दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, बळ देतात. खेळ फार लवकर संपतो, लढाईत तोचतोपणा येतो, असे खेळणाऱ्यांनी म्हटले आणि त्यात चूक काही नाही. पण देवतांच्या अवमानाची ओरड झाली नाही, ती का झाली नाही, याचा अभ्यास मोठ्या खर्चाच्या चित्रपटवाल्यांनी करायला हवा.

नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’ची पहिली झलक जुलै २०२५ मध्ये दाखवण्यात आली, पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणण्याचे जाहीर झाले, आणि रणबीर कपूर रामाच्या भूमिकेत शोभतात की नाही यावर चाहत्यांची दोन शिबिरेही तेव्हाच पडली. चित्रपट पाहण्याआधीच! अशा वेळी बंदीची मागणी खिशात घेऊन चित्रपटगृहात जाणे जितके अनाठायी, तितकेच तिकीटबारीच्या आकड्यांनी श्रद्धेला गप्प बसवू पाहणे. भरत पादुका मागतो तेव्हा प्रेक्षकाचे डोळे पाणावतात का, हे पाहावे. मग मुकुटाची घडण वाल्मीकीप्रमाणे आहे की नाही याची चर्चा रिसोडच्या कट्ट्यावर खुशाल रात्रभर चालू द्यावी.