वरच्या-खालच्यातले अंतर

गोळीने बीपी आटोक्यात आला की प्रकरण मिटले, अशी आपल्याकडे रुग्णाची समजूत असते, पुष्कळदा डॉक्टरांचीही. ‘माले बीपीनी गोयी चालू शे’ असे साक्री-शिंदखेड्याकडचा शेतकरी सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात काळजीपेक्षा निश्चिंतीच अधिक असते. मग काही वर्षांनी कुठल्याशा ऑपरेशनच्या निमित्ताने रक्त तपासले जाते, साखर अडीचशे निघते आणि सगळे घर म्हणते, ही शुगर एकाएकी कुठून आली?

एकाएकी ती क्वचितच येते. चीनमधल्या थांगशान शहरात कैलुआन नावाची कोळसा कंपनी आहे. तिच्या कामगारांच्या आणि निवृत्तांच्या नियमित तपासण्यांच्या नोंदींवर तिथले संशोधक 2006 पासून काम करीत आहेत. त्यातल्या रक्तदाब असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या सुमारे 11 हजार जणांच्या धमन्या किती कडक झाल्या आहेत हे मोजून त्यांच्यावर सरासरी सहा वर्षे नजर ठेवली गेली. निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या धमन्या फार कडक होत्या, त्यांना मधुमेह होण्याचा धोका लवचीक धमन्यांच्या मंडळींपेक्षा दुपटीच्या पुढे होता. आणि आपल्या निश्चिंत शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, दाब आटोक्यात असूनही धमन्या कडक असतील, तर धोका काही टळलेला नव्हता.

असे का व्हावे, हे ठिबकवर केळी लावणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला फार समजावावे लागणार नाही. नवी लॅटरल मऊ असते. मोटार सुरू होताना बसणारा झटका ती अंगावर घेते आणि ड्रिपरला पाणी संथ जाते. उन्हाने कडक झालेली नळी झटका घेत नाही, पुढे ढकलते. हृदयातून निघणारी महाधमनीही दर ठोक्याला फुगून तो झटका जिरवते. ती कडक झाली की तोच मार स्नायूंच्या, मूत्रपिंडाच्या, स्वादुपिंडाच्या केसाएवढ्या वाहिन्यांवर बसतो. इन्सुलिन स्नायूंपर्यंत पोचवायचे कामही याच बारीक वाहिन्यांचे. त्या बिघडल्या की साखर रक्तातच रेंगाळते. उलट दिशेनेही हेच चालते. वाढलेली साखर धमन्यांच्या भिंतीतल्या तंतूंना चिकटते आणि त्यांना आणखी कडक करते. यातले आधी कोणते, याचा वाद तज्ज्ञांनी खुशाल चालू ठेवावा. चीनचा अभ्यास निरीक्षणाचा आहे, त्याने कारण सिद्ध होत नाही, इशारा मिळतो. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या अभ्यासानेही 2017 मध्ये असाच इशारा दिला होता.

धमनीचा कडकपणा ही काही नव्याने सुचलेली गोष्ट नव्हे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची रीत 1896 मध्ये आली. त्याआधीच, 1870 च्या दशकात, लंडनच्या गाइज हॉस्पिटलात फ्रेडरिक अकबर महंमद हा तरुण डॉक्टर मनगटावरच्या नाडीचा आलेख काढून ताठरलेल्या धमन्या ओळखू पाहत होता. हा पाटण्याहून विलायतेत गेलेल्या शेख दीन महंमद यांचा नातू. पट्टा आला, आकडे मिळू लागले आणि नाडीचा तो आलेख मागे पडला. आता संगणक जोडलेल्या यंत्राने तो परत आला आहे: दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे, पाच-दहा मिनिटांचे काम, आणि नाडीची लाट सेकंदाला किती मीटर धावते याचा आकडा. अठराच्या पुढे गेला की धमन्या फारच कडक.

ही बातमी वाचून कोणी पुढारी जळगावात असे यंत्र आणून त्याची फीत कापण्याआधी एक विनंती. यंत्र राहू द्या. कडकपणाचा ढोबळ अंदाज आशाताईंच्या ओळखीच्या बीपीच्या यंत्रातही लपलेला असतो. फक्त वजाबाकी करावी लागते. वरच्या आकड्यातून खालचा वजा करा. साठीच्या पुढच्या माणसात हे अंतर 60 किंवा त्याहून अधिक असेल, तर धमन्या ताठरल्याची ती खूण मानतात. आपल्याकडे उलटेच चालते. 160 वर 70 असा दाब आला की ‘खालचा तर नॉर्मल आहे ना’ म्हणून चिठ्ठी खिशात जाते. उतारवयात खालचा आकडा उतरतो तो बहुधा धमनीची लवचीकता गेली म्हणूनच. त्या 90 च्या अंतरात दिलासा कसला शोधता? आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, घरातला मधुमेह हे सगळे विचारलेले असते. त्याच्या शेजारी ही वजाबाकी लिहायला शाईचा एक थेंब जास्त लागेल. आणि असा माणूस सापडला की त्याची साखर त्याच दिवशी, आणि पुढे दर वर्षी बघायची. पुढच्या शिबिराची वाट बघत बसायचे नाही.

दुसरी गोष्ट गोळीची, आणि ती जास्त नाजूक आहे. ‘लॅन्सेट’ने 2021 मध्ये 19 चाचण्यांमधल्या जवळपास दीड लाख लोकांच्या माहितीचा एकत्र हिशोब छापला. वरचा दाब 5 अंकांनी उतरवला, तर मधुमेहाचा धोका 11 टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून निघाले. मात्र सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या घराण्यातल्या गोळ्या मधुमेह दूर ठेवायला मदत करतात, अमलोडिपिन तटस्थ राहते. अटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्यांनी मात्र मधुमेहाचा धोका थोडा वाढतो. याचा अर्थ हे स्फुट वाचून कोणी आपली गोळी बंद करावी असा मुळीच नाही. हृदयविकारात बीटा ब्लॉकर जीव वाचवते, आणि दाब मोकाट सोडणे हे सर्वांत वाईट. पण दहा वर्षांपूर्वीची मळकी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवून तीच पट्टी आणत राहणारी माणसे गावोगाव आहेत. कमरेचा घेर वाढलेला, घरात मधुमेह, आणि गोळी जुनीच. ही चिठ्ठी वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवायला हवी, आणि डॉक्टरांनी ती वाचायला हवी.

खाण्यापिण्याबद्दल खानदेशाला उपदेश करणे धोक्याचे, म्हणून थोडक्यात. बिबडे, कुरडया, पापड आणि शेवभाजी यांच्यातून पोटात जाणारे मीठ कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. उन्हाळ्यात घाम जातो म्हणून मीठ जास्त लागते, हा युक्तिवाद उन्हात राबणाऱ्याने केला तर ऐकून घेऊ. तोच कूलरपुढे बसलेलेही करतात. रक्तदाबाला मानवणारे पोटॅशियम केळीत भरपूर असते, आणि केळीच्या जळगाव जिल्ह्यात आपण तिचे खारे वेफर्स तळतो.

कैलुआनच्या खाणीतून घेण्यासारखी खरी गोष्ट ही की, तिथे कामगारांच्या तपासणीचे कागद धूळ खात पडले नाहीत. भुसावळात रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे. गाडी चालवणाऱ्यांची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. भुसावळ-वरणगावात आयुध निर्माण्या आहेत. धुळ्यात भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जुने, जळगावचे 2018 मध्ये सुरू झाले. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन शिकायचे असते. नावे झाकून या नोंदी दहा वर्षे नीट जुळवल्या, तर बीपीच्या माणसाला शुगर कधी आणि का गाठते, याचे खानदेशाचे स्वतःचे उत्तर निघेल. रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम 2017 च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा निवडले गेले; तापीकाठ त्यात नव्हता. अभ्यासासाठी तरी मुंबई-दिल्लीच्या पत्राची वाट पाहायचे कारण नाही. दोन्ही महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यक विभागांनी एकत्र बसून नोंदीचा एक समान तक्ता ठरवावा, आणि त्यात वरचा, खालचा, त्यांच्यातले अंतर, कमरेचा घेर आणि साखर एवढे पाच रकाने असावेत.