नाक ओलं आहे ना? मग झालं!

कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही म्हणा, "याची तब्येत बरी दिसत नाही हो." तो आधी कुत्र्याच्या नाकाला हात लावेल. नाक ओलं आणि गार लागलं की डॉक्टरकडे जायचा विषय संपला. माझं स्पष्ट मत आहे की ही समजूत कुत्र्यांच्या जिवावर उठली आहे.

आमच्या शेरूचं नाक शुक्रवारी रात्रीपर्यंत मस्त ओलं होतं. शनिवारी पहाटे त्यातून रक्त आलं.

सुरुवात झाली जेवण अर्धवट टाकण्यापासून. मे महिना, म्हटलं उकाडा आहे. मग जिना चढताना मध्येच बसला. म्हटलं वय झालं. अवघा ७ वर्षांचा होता! बाबा म्हणाले, "अरे, दाखवून आण त्याला." मी म्हटलं, "शनिवारी नेतो, सध्या रिलीज आहे." निदान झालं गोचीड तापाचं. एर्लिकिया नावाचा जिवाणू गोचिडीतून रक्तात शिरतो आणि प्लेटलेट्स पाडतो. लवकर कळलं तर डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात. शेरूच्या प्लेटलेट्स २० हजारांच्या खाली गेल्या होत्या. सोमवारी तो गेला.

तर मुद्दा असा. सर्व्हर जरा हळू झाला तर रात्री २ वाजता उठून लॉग चाळणारे आपण, घरातल्या कुत्र्याचा ओठ कधी वर करून बघत नाही. बघा एकदा. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की २ सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. पांढरट, पिवळट किंवा निळसर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सतत दिसत असतील तर तेही ठीक नाही. ताप नाकावरून कळत नाही, गुदद्वारात थर्मामीटर लावून कळतो. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल.

पोट फुगलंय, उलटीसाठी उबळ येतेय पण बाहेर काही पडत नाही? पोटाला पीळ पडलेला असू शकतो. इथे दिवस नाही, तास मोजायचे. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी भरमसाट पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या.

"कुत्री एखाद्या दिवशी उपास करतातच की!" करतात, मान्य. एक जेवण टाकलं आणि बॉलमागे धावतोय, तर थांबा खुशाल. पण २४ तास अन्नाला तोंड लावलं नाही, किंवा न खाण्याच्या जोडीला मरगळ आली, तर थांबणं याला काळजी नाही, आळस म्हणतात. आणि कृपा करून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. त्याने कुत्रा दगावू शकतो.

लोक म्हणतात, मुकं जनावर, सांगणार कसं? शेरूने चार दिवस सांगितलं हो. अर्धी थाळी ठेवून सांगितलं, जिन्यात बसून सांगितलं. मीच शनिवारची वाट बघत होतो.

असो. आज घरी गेलात की फक्त ओठ वर करून बघा.