जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

संगणकाच्या पडद्यावरची बटणे, मेनू, खिडक्या प्रत्येक प्रोग्रामर नव्याने घडवत नाही. त्यांचा तयार संच मिळतो. त्यालाच ‘टूलकिट’ म्हणतात. तैवानच्या होंग जेन यी यांनी जुन्या संगणकांना झेपेल असा ‘एलएक्सडीई’ हा मोफत डेस्कटॉप २००६ मध्ये ‘जीटीके-२’ या संचावर उभारायला घेतला. पुढे आलेला ‘जीटीके-३’ जास्त मेमरी मागू लागला. तेव्हा २०१३ मध्ये यींनी ‘क्यूटी’ हा दुसरा संच आजमावला. त्यातूनच २०१४ मध्ये ‘एलएक्सक्यूटी’ तयार झाला.

तुमच्या घरी असा जुना संगणक असेल, तर डेस्कटॉप ज्या संचावरचा, शक्यतो त्याच संचावरचे प्रोग्राम घ्या. दोन्ही संच एकदम उघडले, की मेमरीवरचा भार वाढतो. एवढे सांभाळले, तर मुलांच्या अभ्यासाला तोच संगणक आणखी काही वर्षे पुरेल.