पानी गळतं, बाई!



माझी पोरगी साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. बालवाडीतल्या बाईंनी पोरांना विचारलं, घरी काय काय आहे ते सांगा. कुणी टीव्ही सांगितला, कुणी फ्रीज. आमची पोरगी उठली आन म्हणाली, "आमच्या घरात लई पानी गळतं."

बाई म्हणाल्या, "पानी नाही, पाणी. लई नाही, खूप." सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं. पोरं हसली.

पोरगी सांगत होती, छप्पर फुटलंय. बाईंना ऐकू आला फक्त 'न'.

त्या दिवसापासून पोरगी बालवाडीत तोंड उघडेना. दोन महिन्यांनी बाईंनी मला बोलावलं. "घरी बोलत नाही का हिच्याशी? तुमच्याकडं वातावरणच नसेल. जरा मंद वाटते." मोर्चात घसा फाडणारा मी, तिथं गप बसलो. शरमलो. घरी येऊन मायला म्हणालो, "माय, पोरीसमोर असं गावंढळ बोलत जाऊ नको."

माय गप झाली. न्हाऊ घालताना, भाकरी थापताना जिचं तोंड कधी थांबलं नाही ती माझी माय, नातीकडं नुसती बघत राहिली. आता पोरगी बालवाडीतही मुकी आन घरातही मुकी. अर्धा गुन्हा बाईंचा, अर्धा माझा. म्हणून हे लिहितोय.

'तुमच्याकडं वातावरण नाही' ही थेअरी एकट्या बाईंची नव्हे. आपण 'पँथर' हे नाव ज्या काळ्या माणसांकडून घेतलं, त्यांच्या पोरांनाही हेच ऐकवलं गेलंय. १९९५ साली अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांचं पुस्तक आलं. कॅन्सासमधली ४२ कुटुंबं त्यांनी तपासली. त्यांत सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. एवढ्यावरून हिशेब मांडला की गरिबाचं पोर चार वर्षांचं होईस्तोवर सुखवस्तू पोरापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा जगभर फिरला. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी पाच वस्त्यांमधली मोजदाद मांडली. त्यांत अलाबामातली गरीब काळी वस्ती होती. त्यांनी एकट्या आईचं नव्हे, तर पोराला सांभाळणाऱ्या सगळ्यांचं आन आजूबाजूला चाललेलं बोलणंही मोजलं. तेव्हा तो खड्डा तसा सापडेना. वाद अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट उघडी पडली. कान कुणाकडं लावता त्यावर आकडा ठरतो. आमच्या एका खोलीत सात माणसं राहतात. ह्या सात तोंडांकडं कान कुणी लावला?

पण म्हणून आपण पास झालो, असं समजू नका. रात्रभर चालणारा टीव्ही म्हंजे पोराशी बोलणं नव्हे. रडतंय म्हणून हातात दिलेला मोबाईल म्हंजे बोलणं नव्हे. पोर बोट दाखवून 'काऊ' म्हणतं. तुम्ही म्हणा, "हां, काऊ. काळा काऊ. कुठं बसलाय?" आन थांबा. उत्तर जुळवायला पोराला वेळ लागतो. आपण चळवळीतली माणसं मात्र थांबत न्हाई. बैठकीवरून रात्री येतो तेव्हा पोर झोपलेलं असतं. जगाला भाषण देतो, पोराला दोन वाक्यं देत न्हाई!

आता कायद्याचं बघा. २३ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. सूचना आली, नुसतं 'प्राथमिक' शिक्षण म्हणा. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदाच्या आतल्या पोराला कामाला जुंपायचं नाही, तर ते शिक्षणाच्या जागीच असलं पाहिजे, हा त्यांचा सरळ हिशेब. पुढं कलम ४५ झालं. होतं मार्गदर्शक तत्त्वच, पण त्यात चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं होती. खालची मर्यादा नव्हती. २००२ साली ८६ वी दुरुस्ती झाली. मूलभूत हक्क दिला सहा ते चौदाला. सहाच्या आतल्या पोरांसाठी 'राज्यानं प्रयत्न करावा' एवढंच उरलं. भाषा ज्या वयात रुजते, नेमकं तेच वय हक्कातून कापलं! पैसेवाल्यांनी नर्सरी आन केजी विकत घेतली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांपासूनची पोरं आराखड्यात घेतली, मातृभाषेचं नावही घेतलं. पण धोरण म्हंजे हक्क नव्हे.

आपल्या वाट्याला आली अंगणवाडी. ती तरी भीक नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आपल्या वाड्यातली पोरं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडी अंगणात न्यावी लागली. त्यातून हा शब्द आला. म्हंजे तो आपल्याच अंगणातला आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी सरकारी योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमधली एक आहे पूर्वशालेय शिक्षण. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दिसतात खिचडी, वजनकाटा आन रजिस्टरं. सेविकेला पगार नव्हे, मानधन. ती आपली शत्रू न्हाई, बहुतेकदा आपल्यातलीच बाई आहे. तिच्या मानधनाच्या लढ्यात उभे राहा, आन मग तिला विचारा, पोरांशी बोलायला तास कुठला ठेवलाय?

कुणी म्हणेल, आपल्याला इंग्रजी पाहिजे. पाहिजेच! पण घरची जीभ छाटून इंग्रजी उगवत न्हाई. प्रमाण भाषाही पोरगी शिकेल. बाईंनी एवढंच म्हणायला हवं होतं, "हो का? पाणी गळतं? कुठं गळतं गं?" पोरीच्या कानावर 'ण' पडला असता आन छपराची गोष्टही पुरी झाली असती.

मी मायपुढं बसलो. म्हणालो, "माय, चुकलं माझं. बोल तिच्याशी." माय म्हणाली, "तूच म्हन्लास ना गप बस." चार दिवस फुगून राहिली. पाचव्या दिवशी भाकरी थापताना नातीला कोल्ह्याची गोष्ट सांगायला बसली. पोरगी मधेच म्हणाली, "मंग?"

म्हणून सांगतो. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास लहान पोरांचा ठेवा. म्हाताऱ्यांना बसवा. त्यांच्या गोष्टी, दळताना म्हटलेल्या भीमाच्या ओव्या पोरांच्या कानावर पडू द्या. पोरांना प्रश्न विचारा, आन त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या. दोन वर्षांचं पोर दोन शब्द जोडत नसेल तर जिभेला वेखंड चोळत बसू नका, देवऋषीकडं तर अजिबात जाऊ नका. दवाखान्यात नेऊन आधी कान तपासा. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकाला तारीख विचारा आन त्या दिवशी पोर हजर ठेवा.

आन कुणी पोराच्या बोलीला हसलं, तर माझ्यासारखं शरमून घरी येऊ नका. तिथंच उभं राहून विचारा, "बाई, छप्पर गळतंय, ते ऐकलंत का?"

जयभीम!