बाग कोणाची?

१८९१ साली कोल्हापुरात रेल्वे आली आणि शहर स्टेशनच्या अंगाने वाढू लागले. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली. पुढे ताराबाई पार्कसारख्या वसाहती झाल्या. तेथे झाडी आहे, परंतु ती बहुतांशी बंगल्यांच्या कुंपणाआड.

१८७०च्या दशकातील टाऊन हॉलभोवतीची बाग मात्र सर्वांची. संस्थानी काळातील अशा वास्तूंमागे अखेर रयतेचा शेतसाराच होता. जवळच सीपीआर रुग्णालय. खेड्यातून रोग्याबरोबर आलेल्या माणसाला या सावलीत विसावण्यासाठी बंगल्याचा मालक असावे लागत नाही. हेच या बागेचे खरे वैभव.

लंडनच्या चौकबागांवर बांधकाम होऊ नये म्हणून १९३१ साली कायदा झाला. तरी अनेक बागांच्या किल्ल्या आजही भोवतालच्या रहिवाशांकडेच आहेत. येथे तर बाग होण्यापूर्वीच हातची जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण रद्द होते. म्हणून दिरंगाई ही निव्वळ कारकुनी ढिलाई नव्हे. तिचा लाभ जमिनीच्या व्यापाऱ्याला मिळतो.

कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मिळवावा, बागांसाठी राखलेल्या भूखंडांची यादी जाहीर सभेत वाचावी आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्यास महापालिकेला भाग पाडावे. जुन्या बागेचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने नव्या वस्त्यांतील कष्टकऱ्यांना सावलीवाचून ठेवणे हा अन्याय आहे. तो संघटित बळानेच दूर होईल.