विश्लेषण : ‘रद्द करा’ हे बटण सापडत का नाही?

ॲपचे सदस्यत्व घ्यायला एक टिचकी पुरते, सोडायला मात्र चार-पाच पडदे ओलांडावे लागतात. अनेकांना हा आपल्याच अडाणीपणाचा दोष वाटतो. वेब डिझायनर म्हणून सांगतो, दोष तुमचा नाही. बटण कुठे ठेवायचे आणि कुठे लपवायचे, हे कुणीतरी बसून ठरवलेले असते.

‘डार्क पॅटर्न’ म्हणजे काय?

ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये हा शब्द रूढ केला. वापरकर्त्याला नको असलेली गोष्ट त्याच्याच हातून करवून घेणारी मांडणी, असा त्याचा अर्थ. पैसे भरताना न विचारता जोडलेला विमा, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, ‘होय’ ठळक रंगात आणि ‘नको’ फिकट करड्या अक्षरांत, ही त्याची नेहमीची रूपे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, गर्दीच्या लोकलमध्ये अंगठा ठळक बटणाकडेच जातो. मांडणी करणाऱ्याला हे नेमके ठाऊक असते.

हे डिझायनर शिकतात कुठे?

आमच्या क्षेत्रातली गाजलेली पुस्तके फसवणूक शिकवत नाहीत. डॉन नॉर्मन यांचे ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ सांगते की, माणूस वस्तू वापरताना चुकला तर आधी वस्तूची रचना तपासा. स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ (२०००) वापरणाऱ्याच्या डोक्याला ताण देऊ नका, असे बजावते. पुढे निर एयाल यांच्या ‘हुक्ड’ने (२०१४) वापरणाऱ्याला उत्पादनाची सवय कशी लावायची, याचे सूत्र मांडले. नजर कुठे जाते आणि हात कुठे थांबतो, हे ज्ञान सगळीकडे तेच. फरक पडतो तो ते कुणाच्या फायद्यासाठी वापरले यावर.

डिझाइन परिषदांची भूमिका काय?

परिषदांतून शिकायला खूप मिळते; पण तिथे टाळ्या मिळतात त्या चढत्या आलेखाला. बटणाचा रंग बदलला आणि नोंदणी वाढली, हे अभिमानाने दाखवले जाते. त्यातल्या किती जणांनी पुढे पैसे परत मागितले, हा आलेख सहसा पडद्यावर येत नाही. माझ्या मते, खरी गोम इथेच आहे. मोजमाप एकाच बाजूचे असेल, तर प्रामाणिक डिझायनरही हळूहळू त्याच बाजूला झुकतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून अशा १३ प्रकारांना मनाई केली. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. अमेरिकेत प्राइम सदस्यत्वाच्या प्रकरणात ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी होते. ग्राहकांना नकळत सदस्य करून घेतले आणि बाहेर पडणे अवघड केले, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता.

मग उपाय कोणता?

नियम हवेतच, पण तक्रार होईपर्यंत पैसे गेलेले असतात. म्हणून लगाम मांडणीच्या टेबलावरच लागला पाहिजे. कसोटी सोपी आहे : आत यायला जितक्या टिचक्या, बाहेर पडायलाही तितक्याच. ती न उतरणारे ॲप बाजारात जाऊ नये, हे सांगण्याची हिंमत डिझायनरने दाखवावी आणि परिषदांनी त्याला व्यासपीठ द्यावे.

वाचकांनी पैसे भरण्यापूर्वी एकूण रकमेचा तपशील उघडून पाहावा, आधीच टिक केलेले चौकोन काढावेत. फसगत झालीच तर स्क्रीनशॉट ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.